गेम खेळताना ग्राफिक्स कार्ड क्रॅश होतंय? कार्ड बदलण्याआधी वाचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या मावसभावाने दोन वर्षांपूर्वी तीस हजारांचं ग्राफिक्स कार्ड बदललं. जुनं कार्ड गेम सुरू असताना पीसी बंद पाडत होतं, आणि दुकानात ‘कार्ड गेलंय’ असं सांगितलं होतं. नवं कार्ड आठव्या दिवशी त्याच गेममध्ये, अगदी तसंच बंद पडलं. दोष निघाला एसएमपीएसपासून, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यापासून, कार्डाकडे जाणाऱ्या वायरीत. जुनं कार्ड तोवर पडत्या भावात विकून झालं होतं. तेव्हापासून कुणी ‘कार्ड गेलं वाटतं’ म्हणत आलं की मी आधी एवढंच विचारतो: नेमकं काय झालं ते क्रमाने सांग. खालचे प्रश्न त्या बोलण्यांतूनच जमले आहेत. उत्तरं विंडोज १० किंवा ११ असलेल्या डेस्कटॉपला धरून आहेत. लॅपटॉपबद्दल पुढे वेगळं लिहिलंय.

पीसी क्रॅश झाला की सगळ्यात आधी काय बघायचं?

तो कसा पडला ते. सगळ्या क्रॅशना आपण एकच नाव देतो, पण त्यांच्या जाती वेगळ्या आहेत आणि निम्मं निदान तिथेच होतं.

गेम बंद होऊन तुम्ही सरळ डेस्कटॉपवर आलात, बाकी पीसी ठणठणीत आहे, तर संशय आधी गेम, ड्रायव्हर (विंडोजला कार्डाशी बोलू देणारं सॉफ्टवेअर) किंवा वाढवलेल्या क्लॉकवर (चिपच्या वेगावर) घ्या. पडदा दोन-तीन सेकंद काळा होऊन परत आला, तर विंडोजने ड्रायव्हर नव्याने सुरू केला आहे. पडदा काळाच राहिला पण हेडफोनमध्ये मित्रांचे आवाज येत आहेत, तर पीसी जिवंत आहे आणि फक्त चित्र गेलंय. इथे कार्ड, ड्रायव्हर, मॉनिटरची केबल सगळंच तपासावं लागतं. पडदा काळा आणि त्याच क्षणी कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने घोंगावू लागले, तर कार्डाला मिळणारी वीज किंवा त्याचं तापमान बघा.

आणि कुठलाही संदेश न येता, निळा पडदा न दिसता, लाइट गेल्यासारखा पीसी पटकन बंद झाला किंवा रीस्टार्ट झाला, तर कार्डाला हात लावण्याआधी एसएमपीएस तपासा. माझ्या भावाचा पीसी असाच पडत होता.

एक वही घ्या. तारीख, गेम, किती मिनिटांनी पडला, कसा पडला, आणि त्या दिवशी तुम्ही काय बदललं होतं, एवढं लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. ड्रायव्हर, रॅमची सेटिंग आणि वायर एकाच संध्याकाळी बदलली आणि त्रास थांबला, तर कशामुळे थांबला हे कळत नाही, आणि महिनाभराने तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो पूर्ववत झाला’ असा संदेश येतो. म्हणजे कार्ड खराब झालं का?

त्यावरून तसं ठरवता येत नाही. विंडोज व्हिस्टापासून विंडोजमध्ये एक राखण आहे, तिला टीडीआर म्हणतात. कार्डाला दिलेलं काम ते ठरलेल्या वेळेत उरकतं का, हे विंडोज पाहत असतं. ही मुदत मुळात २ सेकंदांची असते. तेवढ्यात कार्डाकडून उत्तर आलं नाही तर विंडोज ड्रायव्हर आणि कार्ड नव्याने सुरू करतं. पूर्वी अशा वेळी सगळा पीसी गोठायचा आणि बटण दाबून बंद करावा लागायचा. आता बहुतेकदा फक्त गेम जातो. एका मिनिटात असं पाचपेक्षा जास्त वेळा झालं, किंवा नव्याने सुरू करणंच जमलं नाही, तर निळा पडदा येतो आणि त्यावर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असं लिहिलेलं असतं.

म्हणजे कार्ड वेळेत बोललं नाही एवढंच हा संदेश सांगतो. का बोललं नाही, ते सांगत नाही. वीज कमी पडली असेल, क्लॉक झेपला नसेल, ड्रायव्हर अडकला असेल, रॅमने चुकीचा डेटा दिला असेल. गेमच्या खिडकीत ‘डिव्हाइस रिमूव्ह्ड’ किंवा ‘डिव्हाइस हंग’ असे शब्द दिसतात, तेही याच घटनेचं गेमने केलेलं वर्णन आहे. ‘रिमूव्ह्ड’ वाचून कार्ड स्लॉटमधून निसटलं असं समजून घाबरू नका.

याची नोंद कुठे सापडते?

दोन ठिकाणी. स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ हा शब्द इंग्रजीत टाइप केला की रिलायबिलिटी मॉनिटर उघडतो. तिथे दिवसागणिक लाल फुल्या दिसतात आणि कोणत्या दिवसापासून त्रास सुरू झाला हे एका नजरेत कळतं. त्या दिवसाच्या आसपास काय बदललं होतं, हे आठवायला त्याचा मोठा उपयोग होतो.

दुसरं ठिकाण इव्हेंट व्ह्यूअर. त्यात ‘विंडोज लॉग्ज’मधल्या ‘सिस्टम’मध्ये क्रॅशच्या वेळेची नोंद शोधा. क्रमांक ४१०१ म्हणजे ड्रायव्हर अडकून परत सुरू झाला. ‘कर्नल पॉवर ४१’ म्हणजे विंडोजला नीट बंद होण्याची संधीच मिळाली नाही. ती फक्त परिणामाची नोंद आहे. लोक तिलाच कारण समजून तासन् तास शोधत बसतात. ‘व्हीया’ (WHEA) या नावाने सुरू होणाऱ्या नोंदी दिसल्या तर प्रोसेसर, मदरबोर्ड किंवा कार्डाचा स्लॉट यांपैकी हार्डवेअरनेच चूक कळवली आहे, आणि त्या गांभीर्याने घ्या.

ड्रायव्हर नवा टाकू की जुना?

त्रास कधी सुरू झाला त्यावर हे ठरतं. ड्रायव्हर अपडेट केल्यापासून सुरू झाला असेल तर मागच्या आवृत्तीवर जा. नवा गेम आल्यावर सुरू झाला असेल तर ताजा ड्रायव्हर टाका. ‘नेहमी नवाच चांगला’ हा सल्ला मला पटत नाही, कारण इतिहास वेगळं सांगतो. एनव्हिडियाची आरटीएक्स ५० मालिका जानेवारी २०२५ मध्ये बाजारात आली. त्यानंतरच्या ५७२ क्रमांकाच्या ड्रायव्हरांनी कित्येकांचे पडदे काळे केले, जुन्या कार्डवाल्यांचेसुद्धा. एप्रिलमध्ये ५७६.०२ आला तेव्हा बऱ्याच जणांची सुटका झाली. त्या काळात जे आरटीएक्स ३० किंवा ४० वाले डिसेंबरच्या ड्रायव्हरवर थांबले, त्यांना काहीच झळ लागली नाही. उलटंही घडतं. सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० घेतलेल्यांचे गेम भराभर पडत होते. कार्डावरच्या कपॅसिटरांवरून मोठा गदारोळ झाला, आणि महिना संपायच्या आत आलेल्या ४५६.५५ या ड्रायव्हरने बहुतेकांचा त्रास मिटवला. एएमडीच्या आरएक्स ५७०० एक्सटीचे काळे पडदेही फेब्रुवारी २०२० च्या ड्रायव्हरनंतर बरेच कमी झाले.

ड्रायव्हर बदलताना जुना पूर्ण काढूनच नवा टाका. त्यासाठी ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ नावाचं मोफत साधन आहे. सगळे त्याला डीडीयू म्हणतात. नवा ड्रायव्हर आधी डाउनलोड करून ठेवा, इंटरनेटची वायर काढा किंवा वाय-फाय बंद करा, सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू चालवा, रीस्टार्ट करा आणि मग ड्रायव्हर टाका. इंटरनेट तोडायचं कारण असं की मधल्या वेळेत विंडोज अपडेट स्वतःहून एखादा जुना ड्रायव्हर आणून बसवतं. एएमडीचं कार्ड काढून एनव्हिडियाचं घातलं असेल, किंवा उलट, तर हे करायलाच हवं.

आणखी एक. ‘शट डाउन’ केल्याने विंडोज पूर्ण बंद होत नाही. फास्ट स्टार्टअपमुळे ड्रायव्हरची अवस्था जपून ठेवली जाते. ड्रायव्हरच्या कामानंतर ‘रीस्टार्ट’च करा.

माझा एसएमपीएस ६५० वॅटचा आहे, कार्ड २२० वॅटचं. मग वीज कमी कशी पडेल?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कार्डाच्या खोक्यावर लिहिलेले वॅट ही सरासरी असते. गेममध्ये स्फोट झाला, दृश्य बदललं, की काही मिलिसेकंदांसाठी कार्ड त्या आकड्याच्या दीडपट, कधी त्याहूनही जास्त वीज ओढतं. आरटीएक्स ३० मालिकेपासून ही उसळी ठळक झाली. एसएमपीएस जुना किंवा हलका असेल तर तो या उसळीला शॉर्ट सर्किट समजून स्वतःला बंद करतो. तुम्हाला दिसतं ते एवढंच: पीसी पटकन गेला. यावर उपाय म्हणून २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे मानक आलं. त्यात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता त्याच्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसावा अशी अट आहे. नवा एसएमपीएस घेत असाल तर खोक्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलंय का ते पाहा.

दुसरी बाब वायरींची. कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनांच्या जोडणीतून ७५, आणि आठ पिनांच्या एका जोडणीतून १५०. बऱ्याच एसएमपीएसमध्ये एकाच वायरीला दोन आठ-पिनी तोंडं असतात, आणि पीसी जोडणारा तीच दोन्ही तोंडं कार्डात खुपसून मोकळा होतो. दोनशे वॅटच्या वरच्या कार्डाला अशी एक वायर पुरवू नका. एसएमपीएसमधून दोन स्वतंत्र वायरी काढा, प्रत्येकीचं एकच तोंड वापरा. मावसभावाच्या पीसीत नेमकी हीच चूक होती. त्याच्याच खोक्यात पडून असलेली दुसरी वायर लावली, आणि क्रॅश थांबले. मात्र मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या काढता येणारा एसएमपीएस असेल तर दुसऱ्या कंपनीची वायर कधीही लावू नका. तोंड बसतं, पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि मग कार्ड खरंच जळतं.

तिसरी बाब: ‘८० प्लस’चा शिक्का म्हणजे मजबुतीची हमी समजू नका. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वाया जाते, एवढंच तो सांगतो. उसळी सोसण्याची ताकद, संरक्षणाची सोय, कपॅसिटरांची प्रत यांबद्दल तो बोलत नाही.

तपासायचं कसं? एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. त्यात पॉवर लिमिट (कार्डाने ओढायच्या विजेची मर्यादा) ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम खेळा. पीसी बंद पडणं थांबलं, तर बोट विजेकडेच जातं. मग मित्राचा चांगला एसएमपीएस एका दिवसासाठी मागून आणा आणि खात्री करा.

घरच्या विजेमुळे किंवा यूपीएसमुळे असं होऊ शकतं का?

होतं, आणि आपल्याकडे हे कारण फार वेळा नजरेतून सुटतं. घरोघरी जो छोटा ६०० व्हीएचा यूपीएस असतो, तो बहुधा ३६० वॅटपर्यंतच भार पेलतो. ऑफिसच्या कामाला घेतलेल्या त्या यूपीएसवर नंतर गेमिंग पीसी आणि मॉनिटर चढतो, आणि जड गेममध्ये भार चारशेच्या वर जातो. यूपीएस किंचाळतो आणि सगळंच बंद होतं. मॉनिटरचा दिवाही विझला तर समजा की गोष्ट कॅबिनेटच्या बाहेरची आहे.

स्वस्त यूपीएस आणि इन्व्हर्टर बॅटरीवर गेल्यावर शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात. आजचे बरेच चांगले एसएमपीएस अशा लहरीवर बिचकतात आणि लाइट गेल्याच्या क्षणी बंद होतात. तालुक्याच्या गावी, जिथे संध्याकाळी व्होल्टेज खाली येतं आणि पंप सुरू झाले की दिवे मिणमिणतात, तिथे क्रॅशच्या वेळा वहीत लिहिल्या की सगळा उलगडा होतो. चाचणी म्हणून यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड दोन्ही बाजूला ठेवा, पीसी सरळ भिंतीच्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावा आणि दोन दिवस खेळून बघा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर गेम राहू द्या, आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासा.

तापमान किती असलं की काळजी करायची?

एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर लावा आणि तीन आकडे बघा: कार्डाचं तापमान, हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) आणि मेमरीचं तापमान. टास्क मॅनेजरमधला एकच आकडा पुरेसा नाही.

गेममध्ये चिप ६५ ते ८० अंशांत असेल तर काही बिघडलेलं नाही. पंच्याऐंशीच्या वर सतत राहत असेल तर हवेचा मार्ग तपासा. हॉटस्पॉट चिपपेक्षा १० ते २० अंश जास्त असणं नेहमीचंच. फरक ३० च्या वर गेला तर थर्मल पेस्ट सुकली किंवा सरकली आहे. आरटीएक्स ३०८० आणि ३०९० वरची जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंशांना पोचली की कार्ड स्वतःच मंद होतं. चिप थंड दिसत असतानाही मेमरी तापलेली असू शकते.

कार्डाचा पंखा खोलीचीच हवा ओढतो. खोली १५ अंशांनी तापली की कार्डही साधारण तेवढंच वर जातं. जानेवारीत ७० वर चालणारं कार्ड नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, कूलर बंद असलेल्या खोलीत ८५ दाखवणार. त्यात कार्डाचा दोष नाही. उन्हाळ्यापुरती पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर ठेवा. फ्रेम थोड्याच कमी होतात, उष्णता मात्र चांगलीच उतरते. कोकणात आणि गोव्यात त्रास निराळा. खारी दमट हवा आणि धूळ मिळून जोडणीच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. तिथे दर सहा महिन्यांनी कार्ड काढून त्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसाव्यात.

धूळ काढताना ब्लोअर मारत असाल तर कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवा. हवेने तो गरगर फिरला तर बेअरिंग खराब होते.

गेम म्हणतो ‘व्हिडिओ मेमरी संपली’, पण कार्डात १६ जीबी आहे. हे कसं?

तुमचा प्रोसेसर इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा आहे का? आधी ते बघा. या प्रश्नात कार्डावर जो अन्याय होतो तसा दुसरीकडे कुठे होत नाही.

२०२३-२४ मध्ये अनरिअल इंजिनवरचे गेम सुरू होताना, शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असताना, हाच संदेश देऊन बंद पडू लागले. लोकांनी कार्डं बदलली, ड्रायव्हर पालथे घातले. गेमचा डेटा उलगडणारं काम प्रोसेसर करतो, आणि तोच चुकीची उत्तरं देत होता. चुकलेला डेटा कार्डाकडे गेला की संदेशात नाव कार्डाचं. एप्रिल २०२४ मध्ये एनव्हिडियानेच अशा ग्राहकांना इंटेलकडे जायला सांगितलं. जुलैमध्ये इंटेलने मान्य केलं की हे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये त्यावर मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या आल्या, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली.

या दुरुस्त्या मदरबोर्डच्या बायोस (पीसी सुरू होताना चालणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटमधून मिळतात, म्हणून बायोस ताजा करा. पण ध्यानात घ्या, झालेली इजा अपडेटने भरून येत नाही, पुढची थांबते. अपडेटनंतरही हाच संदेश येत राहिला तर प्रोसेसर वॉरंटीत बदलून मागा. खात्री करायची सोपी चाचणी आहे: बायोसमध्ये किंवा इंटेलच्या एक्सटीयू सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरचा वेग थोडा खाली आणा, ५७ चा गुणक असेल तर ५३ करा. गेम सुरू झाला, तर कार्ड निर्दोष आहे.

बाकी प्रोसेसर असलेल्यांनी पेजफाइल (रॅमच्या जोडीला विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा) बंद केली आहे का ते बघावं. ‘रॅम ३२ जीबी आहे, पेजफाइल कशाला’ म्हणून ती बंद करणारे खूप आहेत, आणि मग हाच संदेश येतो. ती विंडोजच्या ताब्यात असू द्या.

रॅमचा आणि ग्राफिक्स कार्डाचा काय संबंध?

कार्डाला मिळणारा प्रत्येक पोत (टेक्स्चर) आणि शेडर आधी रॅममधून जातो. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू केलं की रॅम तिच्या मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने धावते, आणि हे प्रत्येक प्रोसेसरला झेपेलच असं नाही. चार स्टिक लावलेल्या डीडीआर५ पीसीत तर हा त्रास नेहमीचा. दोन दिवस एक्सएमपी बंद करून खेळा. फरक पडला तर रॅमचा वेग एक पायरी उतरवा. मेमटेस्ट८६ रात्रभर चालवून पाहा. एकही चूक दाखवली तरी ती मोजायची.

फक्त एकाच गेममध्ये क्रॅश होतो, बाकी सगळे गेम नीट चालतात. मग हार्डवेअर ठीक म्हणायचं ना?

बहुधा, पण नक्की नाही. आधी गेमच्या फाइल स्टीम किंवा एपिकमधून तपासून घ्या, शेडर कॅश पुसा, डिस्कॉर्डचा आणि कार्डाच्या सॉफ्टवेअरचा ओव्हरले बंद करा, मॉड काढा. तरीही राहिलं तर रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारी सेटिंग) बंद करून खेळा. रे ट्रेसिंगमध्ये चिपचे असे भाग कामाला लागतात जे दुसरे गेम वापरतच नाहीत, म्हणून कच्चं ओव्हरक्लॉक (मूळ वेगापेक्षा वाढवलेला वेग) पहिल्यांदा तिथेच उघडं पडतं.

मी ओव्हरक्लॉक केलेलंच नाही. मग क्लॉक कमी का करू?

कारण कारखान्यानेच केलेलं असतं. नावात ‘ओसी’ असलेली कार्डं मूळ वेगापेक्षा वर चालतात, आणि तीन-चार वर्षांनी तोच वेग त्याच व्होल्टेजवर झेपेनासा होतो. आफ्टरबर्नरमध्ये कोअर क्लॉक ५० मेगाहर्ट्झने खाली आणा, मग १००. मेमरी क्लॉक २०० ने खाली. क्रॅश थांबले तर कार्ड मरणाला टेकलेलं नाही, थकलेलं आहे. वॉरंटी असेल तर दावा करा. नसेल तर हाच क्लॉक कायम ठेवून ते आणखी काही वर्षं वापरता येतं, दोन-तीन फ्रेमचा फरक सोडला तर काही जाणवत नाही.

मित्राचं पाहून केलेलं अंडरव्होल्टिंगही (चिपचं व्होल्टेज उतरवणं) इथे मोजा. त्याच्या चिपला ०.८५ व्होल्ट पुरले म्हणून तुमच्या चिपला पुरतीलच असं नाही.

मेनूतच पीसी पडतो, गेम सुरूही होत नाही. असं कसं?

साध्या मेनूचं चित्र हलकं असतं, म्हणून कार्ड सेकंदाला हजारभर फ्रेम काढत सुटतं आणि भार शिखरावर जातो. जुलै २०२१ मध्ये ‘न्यू वर्ल्ड’ या गेमच्या बीटामध्ये आरटीएक्स ३०९० ची काही कार्डं कायमची गेली ती अशाच मेनूत. कार्ड बनवणाऱ्या कंपनीने नंतर सोल्डरिंगमधली खोट मान्य केली आणि कार्डं बदलून दिली. गेमने कच्ची जागा उघड केली, खोट आधीच होती. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये कमाल फ्रेम रेट मॉनिटरपेक्षा किंचित खाली बांधून ठेवा. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला १४१ वगैरे.

सोळा पिनांचा कनेक्टर वितळतो म्हणतात. माझा कसा तपासू?

हा त्रास आरटीएक्स ४०९० पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२२ पासून गाजतोय. त्या छोट्याशा तोंडातून ६०० वॅटपर्यंत वीज जाऊ शकते, आणि ते किंचितही बाहेर राहिलं की पिना तापतात. पीसी पूर्ण बंद करा, भिंतीचं बटणही. कनेक्टर काढून प्लास्टिकवर तपकिरी डाग किंवा सुरकुती आहे का बघा. परत लावताना फट अजिबात दिसता कामा नये, आणि वायर तोंडापासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत सरळ असू द्या, त्यानंतर वळवा. नंतर आलेल्या सुधारित कनेक्टरमध्ये छोट्या सेन्स पिना आणखी आखूड केल्या आहेत, त्यामुळे तो अर्धवट बसला तर कार्ड वीज घेतच नाही. जळका वास आला असेल तर एकदाही चालू करू नका.

पडद्यावर रंगीत ठिपके, चौकोन, रेघा दिसतात आणि मग क्रॅश होतो.

हेच ठिपके बायोसच्या पडद्यावरही दिसत असतील, तर ड्रायव्हरचा प्रश्न उरत नाही. कार्डाची मेमरी किंवा तिचे सोल्डरचे टाके गेले आहेत. फक्त गेममध्ये दिसत असतील तर मेमरी क्लॉक खाली आणून आणि दुसरी केबल लावून बघा.

कार्ड ओव्हनमध्ये भाजून ‘बरं’ केल्याचे व्हिडिओ पाहिले असतील. करू नका. काही दिवस चाललंच तरी परत जातं, वॉरंटी संपते, आणि ज्या ओव्हनमध्ये घरचं अन्न शिजतं त्यात सोल्डर आणि प्लास्टिकची वाफ बसते. चिप बदलण्याचं काम करणारे कुशल कारागीर मुंबई-पुण्यात आहेत. त्यांच्याकडे न्या, आणि काम हाती देण्याआधी खर्च विचारा.

लॅपटॉपवर गेम खेळतो. वेगळं काय?

चार्जर लावूनच खेळा, आणि तो सोबत आलेलाच हवा. कमी वॅटचा टाइप-सी चार्जर पुरत नाही. गादीवर ठेवू नका. ड्रायव्हर शक्यतो लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घ्या, आणि आतल्या दोन्ही ग्राफिक्सचे ड्रायव्हर अपडेट करा, फक्त मोठ्याचा नाही.

टीडीआरची मुदत रजिस्ट्रीत २ वरून १० सेकंद करायला सांगतात. करू का?

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये लांबलचक रेंडर करत असाल तर करा. गेमसाठी ते ताप मोजायचा सोडून थर्मामीटर फोडण्यासारखं आहे. दोन सेकंद गप्प बसलेलं कार्ड दहा सेकंद गप्प बसेल, इतकंच.

सेकंडहँड कार्ड घेतोय. क्रॅश होणारं गळ्यात पडू नये म्हणून काय पाहू?

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि कार्डांवरचं मायनिंग (असं चलन मिळवण्यासाठी कार्ड सतत राबवणं) जवळजवळ थांबलं. त्या वेळी सुटलेली कार्डं आजही बाजारात फिरतात. मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण मेमरी आणि पंखे झिजलेले असू शकतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला घ्या की ओळखीच्या माणसाकडून, समोर बसून अर्धा तास चालवून दाखवायला सांगा. जीपीयू-झेडमध्ये नाव आणि मेमरी तपासा, ३डीमार्क किंवा एखादा जड गेम लावा, आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये हॉटस्पॉट व मेमरी बघत राहा. पाच मिनिटांचं दाखवणं मान्य करू नका. पेस्ट सुकलेलं कार्ड पंधराव्या मिनिटाला बोलायला लागतं. स्क्रूवरचा स्टिकर फाटलाय का, मूळ बिल आहे का, सीरियल नंबर बिलाशी जुळतो का, हेही पाहा.

सगळं करून झालं, कार्डच खराब निघालं. आता?

पक्कं करायला ते कार्ड दुसऱ्याच्या पीसीत लावून बघा. तिथेही तसंच पडलं तरच दावा करा. दाव्यासोबत वहीतल्या नोंदी, इव्हेंट व्ह्यूअरचे फोटो आणि क्रॅशचा छोटा व्हिडिओ द्या. ‘गेम चालत नाही’ एवढंच लिहिलं तर सर्व्हिस सेंटरवाले डेस्कटॉप सुरू करून बघतात आणि ‘दोष आढळला नाही’ असं लिहून परत पाठवतात. माझं एक कार्ड असं दोनदा परत आलंय. कोणता गेम, कोणती सेटिंग, किती मिनिटं, हे स्पष्ट लिहून दिल्यावर तिसऱ्यांदा बदलून मिळालं. परदेशातून मागवलेल्या कार्डाला इथे वॉरंटी लागू आहे का, ते बिलावर आणि कंपनीच्या साइटवर आधीच पाहा. वॉरंटीत असूनही टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तक्रार मराठीतूनही नोंदवता येते. पाठवताना कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत घाला, पॅक करण्याआधी सीरियल नंबरचा फोटो काढा, आणि कुरिअरची पावती दाव्याचा निकाल लागेपर्यंत जपून ठेवा.